छोट्या विमानातील हेडसेट आणि खिशातील मोबाइल

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्यासाठी आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईसाठी नियमित विमानसेवा सुरू झाली. सिद्धेश्वर साखर कारखान्याची वादग्रस्त चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेल्यानंतर दोन वर्षांनी हा योग आला. त्याआधीची अनेक वर्षे या धावपट्टीवर उतरणारे विमान म्हणजे बहुधा छोटेच विमान असे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरात पावसाळी ढगांवर बीजारोपणाचे प्रयोग केले, तेही दोन इंजिनांच्या छोट्या विमानांतूनच. आता मोठ्या विमानांची ये-जा सुरू झाल्यामुळे वैमानिक होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या येथील मुला-मुलींची संख्या वाढणे स्वाभाविक आहे. उड्डाण शिकायचे तर मात्र त्यांना बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया किंवा शेजारच्या कलबुर्गीची वाट धरावी लागते.

अशा प्रशिक्षणार्थीच्या खरेदीच्या यादीत हेडसेट अग्रभागी असतो. तो हाती आला की लगोलग पुढचा प्रश्न येतो : याला माझा मोबाइल जोडता येईल का? प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात विद्युतशास्त्र आहे, कायदा आहे, सोलापूरचे ऊन आहे आणि वैमानिकाच्या कानावर पहिला हक्क कोणाचा, हा कळीचा मुद्दाही आहे.

कानाशी गाठ

सेसना १५२ किंवा १७२ यांसारख्या एका इंजिनाच्या विमानात वैमानिकाच्या पायांपुढेच इंजिन असते. मध्ये असतो तो पातळ पत्र्याचा पडदा. उड्डाणात आतील आवाजाची पातळी ९० डेसिबलच्या आसपास जाते. व्यावसायिक आरोग्याच्या प्रचलित निकषानुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करणे ही मर्यादा मानतात, आणि प्रत्येक तीन डेसिबलच्या वाढीला हा काळ निम्मा होतो. म्हणजे ९१ डेसिबलमध्ये उघड्या कानांनी जेमतेम दोन तास. दोनशे तासांच्या प्रशिक्षणात कानांची किती हानी होऊ शकते, याचा अंदाज यावरून यावा. ही हानी हळूहळू होते आणि बहुधा भरून येत नाही. वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत तर श्रवणशक्तीची परीक्षा असतेच.

हा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ८० ठोके पडतात. चार सिलिंडरच्या इंजिनाचे स्फोटही तेवढेच. कानावर घट्ट बसणारे कप वरच्या पट्टीतील आवाज चांगला अडवतात, पण ही घरघर त्यांना पुरेशी अडवता येत नाही. येथे डॉ. अमर बोस यांचे नाव घ्यावे लागते. बंगाली पित्याचा हा अमेरिकी पुत्र १९७८ मध्ये युरोपातून बोस्टनला परतत असताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर इंजिनाच्या आवाजामुळे नीट ऐकू येईना, तेव्हा प्रवासातच त्यांनी उलट्या ध्वनिलहरी निर्माण करून गोंगाट मारण्याचे गणित मांडले. १९८६ मध्ये ‘व्हॉयेजर’ विमानाने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्याच्या वैमानिकांच्या कानांवर या तंत्राचे प्रायोगिक हेडसेट होते. १९८९ मध्ये तसा हेडसेट बाजारात आला.

हेडसेटचा माइकही घरगुती माइकसारखा नसतो. तो ओठांना जवळजवळ टेकलेला असावा लागतो, कारण पुढून व मागून सारखाच येणारा गोंगाट वजा करून केवळ जवळचा आवाज पुढे पाठविण्याची त्याची रचना असते. बोटभर अंतर वाढले की नियंत्रण कक्षाला बोलणाऱ्याऐवजी इंजिनच ऐकू येते.

दोन पिनांचे कोडे

विमानाच्या हेडसेटच्या वायरीला दोन पिना असतात. जाड पिन सुमारे साडेसहा मिलिमीटरची, ऐकण्यासाठी. बारीक सव्वापाच मिलिमीटरची, माइकसाठी. हेलिकॉप्टरच्या हेडसेटला बहुधा एकच पिन असते. मोबाइलला, ज्याला अजून जॅक आहे त्याला, साडेतीन मिलिमीटरची एकच पिन चालते आणि तिच्यावर चार कडी असतात : दोन कानांसाठी, एक माइकसाठी, एक सामाईक. तेव्हा बाजारातून एखादा रूपांतरक आणून पिना जुळवल्या की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही.

कारण इतिहासात आहे. विमानातील जुने माइक कोळशाच्या भुकटीचे होते, टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमध्ये असत तसेच. त्यांना चालण्यासाठी रेडिओकडून वीजदाब द्यावा लागे. पुढे माइक आधुनिक झाले. परंतु जुन्या रेडिओंशी त्यांचा मेळ राहावा म्हणून ती पद्धत तशीच राखली गेली. आजही विमानाचा रेडिओ माइकला साधारण ८ ते १६ व्होल्ट पुरवतो आणि त्याच्याकडून बऱ्यापैकी जोरदार संदेशाची अपेक्षा करतो. मोबाइल आपल्या माइकला दोन-अडीच व्होल्टच देतो आणि संदेश क्षीण असेल असे गृहीत धरतो. विमानाचा माइक थेट मोबाइलला जोडला तर तो पुरेशा दाबाअभावी मुका राहतो; रेडिओचा संदेश थेट मोबाइलच्या माइकवाटेत सोडला तर तो फाटून, भसाडा नोंदला जातो. ऐकण्याच्या बाजूलाही तीच विसंगती. मोबाइलचे इअरफोन साधारण १६ ते ३२ ओहमचे, तर विमानाचे हेडसेट दीडशे ते सहाशे ओहमचे. त्यामुळे मोबाइलचा आवाज हेडसेटमध्ये बारीक येतो आणि स्वस्तातले इअरफोन विमानाला लावले तर इंटरकॉमवर अकारण भार पडतो.

म्हणूनच विमानासाठी विकल्या जाणाऱ्या जोडवायरींच्या पोटात रोधक आणि धारित्र बसविलेले असतात. शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सोल्डर करून घेतलेली वायर ध्वनिमुद्रणापुरती एखाद्या वेळी चालेलही, परंतु ती ज्या रेडिओला जोडली जाते तोच वैमानिकाचा जमिनीशी असलेला दुवा आहे, हे विसरता येत नाही. त्यातही आणखी एक मेख आहे. चार कड्यांच्या पिनेत माइक आणि सामाईक कडी यांचा क्रम सगळ्या कंपन्यांनी एकसारखा ठेवला नव्हता. काही जुन्या नोकिया फोनचा क्रम आयफोनच्या उलटा असे. वायर ‘चालत नाही’ अशी तक्रार पुष्कळदा एवढ्यापुरतीच निघते.

२०१६ मध्ये आयफोन ७ ने साडेतीन मिलिमीटरचा जॅकच काढून टाकला आणि अनेक कंपन्यांनी त्याचे अनुकरण केले. त्यामुळे वायरीचा हा प्रश्न आता बव्हंशी ब्लूटूथकडे सरकला आहे. लाइटस्पीडच्या ‘झुलू’ हेडसेटमध्ये २००८ मध्येच ब्लूटूथ आले. बोसच्या २०१० च्या ‘ए२०’ मध्ये त्याचा पर्याय होता. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा हेडसेटमध्ये ब्लूटूथ असते ते केवळ फोनसाठी. विमानाच्या रेडिओशी हेडसेट वायरीनेच जोडलेला असतो, आणि ते योग्यच आहे. ब्लूटूथमधून आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो. स्वतःचाच आवाज एवढ्या उशिराने कानावर पडू लागला तर माणूस अडखळतो. आणि बटण दाबून बोलण्याच्या रेडिओवर पहिला शब्द कापला गेला तर तो शब्द बहुधा विमानाची ओळखच असते.

टक-टक-टक

फोन रेडिओजवळ ठेवल्यावर, तो वाजण्याच्या क्षणभर आधी येणारा ‘टक-टक-टर्र’ असा आवाज बहुतेकांनी ऐकला असेल. विमानाच्या हेडसेटमध्येही तोच आवाज येतो. जीएसएम पद्धतीचा, म्हणजे टू-जी फोन सलग प्रक्षेपण करीत नाही. सुमारे ४.६ मिलिसेकंदांच्या चक्रातील आठव्या हिश्शात तो बोलतो आणि उरलेल्या वेळात गप्प बसतो. म्हणजे सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद, आणि ही वारंवारता माणसाच्या कानाला सहज ऐकू येणारी आहे. ९०० मेगाहर्ट्झवर फोनची शक्ती या झटक्यांत दोन वॉटपर्यंत जाऊ शकते. हेडसेटची लांब वायर अँटेनासारखे काम करते, माइकमधला लहानसा प्रवर्धक त्या लहरींचे ध्वनीत रूपांतर करतो आणि टकटक कानात उमटते.

थ्री-जी आणि फोर-जीच्या प्रक्षेपणाची तऱ्हा निराळी असल्याने हा त्रास पुष्कळ कमी झाला. तो संपलेला मात्र नाही. ज्या कंपन्यांचे टू-जी जाळे अजून चालू आहे त्यांचे फोन क्षीण सिग्नलमध्ये तिकडे वळतात, आणि सिग्नल जितका क्षीण तितका फोन अधिक जोर लावतो. शहर मागे पडून ज्वारीची शिवारे सुरू झाली की नेमके हेच घडते. वर गेल्यावर फोनला एकाच वेळी दूरदूरचे अनेक मनोरे दिसतात, पण त्यांच्या अँटेना जमिनीकडे झुकवलेल्या असल्यामुळे कोणाशीच त्याची नीट गाठ पडत नाही; तो शोधत राहतो, प्रक्षेपण करीत राहतो आणि बॅटरी संपवतो.

या टकटकीने विमान पडत नाही. बिघडतो तो एखादा अंक. नियंत्रण कक्ष हवेच्या दाबाचा आकडा सांगतो आणि वैमानिक तो उंचीमापकात भरतो. १००३ ऐवजी १००८ ऐकला गेला तर पाच हेक्टोपास्कलच्या या फरकाने उंचीमापक सुमारे दीडशे फूट अधिक दाखवील. धावपट्टीभोवतीचा प्रशिक्षण-फेरा जमिनीपासून साधारण हजार फुटांवर असतो. त्यात दीडशे फुटांची चूक क्षुल्लक नव्हे.

ब्लूटूथची गोष्ट वेगळी. हेडसेटमधील ब्लूटूथची शक्ती बहुधा अडीच मिलिवॉटच्या घरात, म्हणजे वर सांगितलेल्या दोन वॉटच्या आठशेव्या हिश्शाएवढी असते. म्हणून फोन फ्लाइट मोडवर टाकून नंतर केवळ ब्लूटूथ चालू करणे, हीच जोडणीची रास्त रीत आहे. असा फोन कॉल घेऊ शकत नाही, पण नकाशा, तपासणी-यादी, ध्वनिमुद्रण ही कामे करतो.

नियम काय सांगतो?

भारतात विमान नियम, १९३७ मधील नियम २९बी ने उड्डाणात सोबतची इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरण्यास आणि वैमानिकाने ती वापरू देण्यास मनाई केली होती. श्रवणयंत्र, पेसमेकर, दाढीचे यंत्र अशा वस्तूंना अपवाद होता. २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फ्लाइट मोडवरील फोन-टॅबलेटना मुभा दिली. डिसेंबर २०१८ मध्ये उड्डाण व सागरी संपर्क नियम आले. त्यांनी भारतीय आकाशात ३,००० मीटरच्या वर मोबाइल संपर्काचा मार्ग खुला केला. पण तो विमानातच बसविलेल्या, परवानाधारक यंत्रणेमार्फत. हजार-दोन हजार फुटांवर घिरट्या घालणाऱ्या सेसनाचा त्याच्याशी काही संबंध नाही. वैमानिकांनी उड्डाणात सेल्फी काढण्यावरही महासंचालनालयाने २०१६ मध्ये बंदी घातली.

प्रशिक्षणार्थीच्या दृष्टीने खरा अधिकार असतो तो प्रशिक्षण संस्थेच्या कार्यपुस्तिकेला आणि प्रशिक्षकाला. एखाद्या संस्थेत टॅबलेट मांडीवर बांधून उडण्याची मुभा असते, दुसरीकडे फोन कपाटात ठेवूनच विमानाकडे जावे लागते. स्वतःच्या हेडसेटला फोन जोडलेला असेल तर ते उड्डाणापूर्वी प्रशिक्षकाला सांगणे, हा शिष्टाचार म्हणून नव्हे, तर सुरक्षेचा भाग म्हणून पाहिला पाहिजे. फोनचा आवाज प्रशिक्षणार्थीच्या एकट्याच्या कानात येतो आणि शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला त्याचा पत्ताही नसतो.

फोन उपयोगी पडतो तेव्हा

आयर्लंडमध्ये २००७ साली घडलेली घटना या संदर्भात नेहमी सांगितली जाते. केरीहून जर्सी बेटाकडे निघालेल्या दोन इंजिनांच्या छोट्या पायपर विमानाची वीज उड्डाणानंतर थोड्याच वेळात गेली. रेडिओ बंद, दिशादर्शक उपकरणे बंद. वैमानिकाने मोबाइलवरून संपर्क साधला. बोलणे तुटू लागले तेव्हा कॉर्कच्या नियंत्रकाने रडारवर विमान पाहत चक्क एसएमएसने सूचना पाठविल्या आणि विमान सुखरूप उतरले. ९० डेसिबलच्या गोंगाटात फोन कानाला लावून बोलता येत नाही, आणि हेडसेट काढला तर काहीच ऐकू येत नाही. ब्लूटूथ हेडसेट असेल तर ओठांजवळचा माइक आणि गोंगाट मारणारे कप हेच फोनसाठीही काम करतात. जवळच्या विमानतळाच्या नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवण्याचा सल्ला म्हणूनच दिला जातो. अर्थात ही शेवटची वाट आहे. रेडिओ बंद पडल्यास ट्रान्सपाँडरवर ७६०० हा संकेत लावावा आणि मनोऱ्यावरून दाखविल्या जाणाऱ्या हिरव्या-लाल दिव्यांवर नजर ठेवावी, ही शिकवण फोनच्या कितीतरी आधीची आहे आणि तिला बॅटरी लागत नाही.

उड्डाणातील संभाषण फोनवर नोंदवून संध्याकाळी पुन्हा ऐकणे, हा मात्र फोनचा सर्वांत चांगला उपयोग म्हणावा लागेल. रेडिओवरील इंग्रजीचा वेग मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सुरुवातीला झेपत नाही. आपण काय बोललो, काय सुटले, कोणता आकडा परत म्हणून दाखवायचा राहिला, हे स्वतःच्याच आवाजात ऐकल्यावर जे उमजते ते दहा वेळा सांगून उमजत नाही. त्यासाठी वर सांगितलेली रोधकवाली वायर किंवा हेडसेटच्याच ॲपमधील ध्वनिमुद्रणाची सोय वापरावी, आणि प्रशिक्षकाची संमती घ्यावी.

सोलापूरचे ऊन

हेडसेट आणि फोनविषयीची बहुतेक माहिती थंड देशांत लिहिली गेली आहे. ॲपल आपला फोन शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरण्यास सांगते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर राहतो आणि ४३-४४ पर्यंतही जातो. उन्हात उभ्या असलेल्या छोट्या विमानात, काचांच्या आड, हे तापमान आणखी पुष्कळ वाढते. काचेला चिकटवलेला फोन प्रथम पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि अखेर तापमानाची सूचना दाखवून काम बंद करतो. हे सर्व धावपट्टीकडे जाईपर्यंत घडू शकते. ज्याने आपला नकाशा, तपासणी-यादी आणि वजनाचे गणित फोनवरच ठेवले आहे, त्याच्या हातात त्या क्षणी काहीच उरत नाही.

यावर उपाय साधे आहेत. फोन काचेवर न लावता सावलीत, वायुवीजनाच्या झोताजवळ ठेवावा. उन्हात असताना त्याला चार्जिंगला लावू नये, कारण चार्जिंगची उष्णता उन्हाच्या उष्णतेत मिळते आणि लिथियम बॅटरी फुगण्याचा वा पेटण्याचा धोका वाढतो. एवढ्याशा केबिनमध्ये धूर झाला तर जायला जागा नसते. कागदी नकाशा आणि छापील यादी गुडघ्यावर असावीच. सकाळच्या उड्डाणांना प्रशिक्षण संस्था प्राधान्य देतात ते काही फोनसाठी नव्हे; तापलेल्या विरळ हवेत इंजिन आणि पंख दोन्ही कमी जोर देतात म्हणून. पण फोनचाही त्यात फायदा होतो.

जाता जाता होकायंत्राबद्दल. हेडसेटच्या ध्वनिकपांत लोहचुंबक असते आणि नव्या फोनांच्या पाठीतही चुंबकाचे कडे असते. छोट्या विमानातील होकायंत्र समोरच्या काचेजवळ असते आणि नेमके तेथेच हेडसेट किंवा फोन ठेवण्याची अनेकांना सवय असते. काटा किती फिरतो, ते जमिनीवर इंजिन बंद असताना एकदा करून पाहावे.

लक्ष कोठे आहे?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वॉटकिन्सजवळ ३१ मे २०१४ च्या मध्यरात्रीनंतर एक सेसना १५० कोसळले आणि दोघे दगावले. विमानात बसविलेल्या कॅमेऱ्यात त्याआधीच्या छोट्या उड्डाणांची दृश्ये होती. अंधारात, धावपट्टीभोवती फिरताना, फ्लॅश लावून फोनवर सेल्फी काढले जात होते. फोनमुळे लक्ष विचलित होऊन वैमानिकाचे दिशाभान हरपले असावे, असा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. त्याआधी ऑगस्ट २०११ मध्ये मिझुरी राज्यातील मॉस्बी येथे रुग्णवाहिका-हेलिकॉप्टर इंधन संपून पडले आणि चौघांचा मृत्यू झाला. वैमानिक त्या पाळीत वैयक्तिक एसएमएसची देवाणघेवाण करीत होता. इंजिन थांबले तेव्हा तो फोनवर नव्हता. पण इंधन तपासण्याच्या वेळी मन अन्यत्र होते, आणि मंडळाने अपघाताच्या कारणांत त्याचा उल्लेख केला.

हेडसेटला जोडलेला फोन हातात घ्यावा लागत नाही, म्हणून तो निर्धोक, हा युक्तिवाद यामुळेच टिकत नाही. चांगल्या हेडसेटमध्ये रेडिओवर आवाज आला की फोनचे संगीत आपोआप दबते. परंतु काही हेडसेटमध्ये संगीत पूर्ण न थांबता दोन्ही आवाज मिसळून ऐकू येण्याचीही सोय असते. हा पर्याय कोणत्या स्थितीत आहे हे कित्येकांना ठाऊक नसते. नियंत्रण मनोरा नसलेल्या धावपट्टीवर तर वैमानिकच एकमेकांना आपले स्थान सांगत असतात. तेथे रेडिओवर कोणीतरी अस्पष्टपणे म्हटलेले दोन शब्द, हीच समोरून येणाऱ्या विमानाची सूचना असते. आमच्या मते धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यात आणि उड्डाण-अवतरणाच्या वेळी हेडसेटचे ब्लूटूथ बंदच ठेवावे. प्रशिक्षणाच्या काळात संगीताचा तर प्रश्नच येऊ नये.

खरेदी करणाऱ्यांसाठी थोडे. गोंगाट मारणारे महागडे हेडसेट हजार डॉलरच्या वर जातात. डेव्हिड क्लार्कचे हिरवे, केवळ कपांनी आवाज अडवणारे हेडसेट त्यामानाने बरेच स्वस्त आणि दणकट असतात. पहिल्या शंभर तासांसाठी तेवढे पुरते. संगीतासाठी बनविलेल्या हेडफोनना माइक जोडून ते विमानात वापरण्याचा मोह टाळावा. त्यांची बॅटरी संपली की उरते ते अगदी जुजबी संरक्षण. जुना हेडसेट घेताना कपांच्या गाद्या दाबून पाहाव्यात. आपल्याकडच्या घामाने त्या लवकर कडक होतात, त्यांना चिरा पडतात आणि तेथून आवाज आत येतो. चष्मा वापरणाऱ्यांनी बारीक काडीचा चष्मा लावूनच हेडसेट घालून पाहावा, कारण जाड काडीमुळे गादी आणि कान यांच्यात राहिलेली फट कोणत्याही ब्लूटूथने भरून निघत नाही.